सिलिअ‍ॅक आहे म्हणून हॉटेल कायमचं बंद? मला हे पटत नाही

लेकीची आई, पुणे

माझी मुलगी नववीत आहे आणि तिला सिलिअ‍ॅक आहे. घरातली मोठी माणसं आणि ओळखीतली बरीचशी सिलिअ‍ॅक कुटुंबं एकच सांगतात: बाहेरचं खाणं सोडा, डोक्याला ताप नको. हे मला मान्य नाही. का नाही ते मांडते, तुमचं मतही हवं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय (हे एक धान्य, मोहरी नव्हे) यांच्यातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्याचं अस्तर सपाट होत जातं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर औषध नाही. ग्लूटेन जन्मभर पूर्ण बंद, एवढाच उपचार.

आता बघा, आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात. आंबोळी, घावन, उकडीचे मोदक, झुणका-भाकर, सोलकढी, वरीचा भात यांतल्या एकालाही मुळात गहू लागत नाही. सिलिअ‍ॅकच्या माणसाला जेवायला महाराष्ट्रासारखा दुसरा प्रांत नसायला हवा. पण हॉटेलात विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, मैदा अजिबात वापरत नाही, सगळं गव्हाचंच पीठ आहे." हे अभिमानाने सांगतात, कारण मैदा वाईट आणि गहू पौष्टिक हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे.

जैन जेवण मागितलं तर हीच हॉटेलं कांदा, लसूण, बटाटा वगळून वेगळं पातेलं चढवतात. एकादशीला उपवासाची थाळी लागते, तिच्यात हळद-मोहरीसुद्धा चुकून जात नाही. म्हणजे जमतं. मनावर घेतलं की जमतं. मला वेगळं मेनूकार्ड नको. विचारल्यावर खरं उत्तर द्या आणि उत्तर 'नाही' असेल तर मुलीचा डबा टेबलावर उघडू द्या, एवढंच मागते आहे. 'बाहेरचे पदार्थ आणू नयेत' या पाटीखाली चौदा वर्षांच्या मुलीने उपाशी बसून आमच्याकडे बघत राहायचं, हे मी चालवून घेणार नाही.

भट्टीवरचा, नाशिक

ताई, माझं स्वतःचं हॉटेल आहे, तेव्हा आतली बाजू सांगतो. डब्याला माझा अजिबात विरोध नाही, खुशाल आणा. पण 'मनावर घेतलं की जमतं' हे बरोबर नाही.

सकाळी लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या तयार होतात आणि दिवसभर निम्म्या भाज्या त्यांतूनच निघतात. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं; तो लाल ग्रेव्हीत पडला की पन्नास प्लेटींमध्ये गेला. रोटीवाला आणि भाकरीच्या मावशी एकाच ओट्यावर असतात. भाकरी थापताना खाली जे पीठ भुरभुरतात ते हाताशी असेल ते, आणि हाताशी बहुतेक वेळा कणीक असते. भाकरी मोडू नये म्हणून पिठातच थोडी कणीक मिसळणारेही या धंद्यात आहेत. तळणाची कढई एकच. तिच्यात सामोसा निघाला की साबुदाणा वडा, त्यानंतर पापड. दीड वाजता बाहेर पंधरा माणसं खोळंबलेली असताना मी एका ताटासाठी चिमटा धुवायला सांगितला, तर आचारी 'हो' म्हणेल आणि धुणार नाही. हे कडू आहे, पण खरं आहे.

जैन जेवणाशी तुलनाही चुकीची आहे. तिथे दिसणारी वस्तू टाळायची असते. कांदा दिसतो, लसणाचा वास येतो, चूक झाली तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे ताट परत पाठवतं आणि आचारी शिकतो. तुमच्या मुलीला त्रास झाला तर तो रात्री घरी होणार. आम्हाला कधीच कळणार नाही. जी चूक कळतच नाही ती आम्ही सुधारणार कशी? म्हणून मी विचारणाऱ्याला सरळ सांगतो, आमच्याकडे जेवू नका.

निळी छत्री

दादांशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः रुग्ण आहे.

माझं निदान चाळिशीत झालं. त्याआधी वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्याच चालल्या होत्या. निदानानंतर घरातून गहू हद्दपार केला, पण रक्तातला टीटीजी (सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीतला आकडा, ग्लूटेन पोटात जात राहिलं की चढाच राहतो) उतरायचं नाव घेईना. बाहेर मी फक्त 'सुरक्षित' गोष्टी खात होते: इडली, साधा डोसा, वरण-भात, तंदुरी पनीर. पोटात कधी काही झालं नाही. जुलाब नाहीत, फुगणं नाही. हॉटेल पूर्ण बंद केल्यावर मात्र टीटीजी उतरला.

ताई, हे नीट वाचा. त्रास होत नाही म्हणजे इजा होत नाही असं नसतं. तुमची मुलगी वाढीच्या वयात आहे. उंची, हाडं, पाळी, सगळं याच वर्षांत ठरतं. डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी रवा घालतात, त्याच तव्यावर रवा डोसाही होतो, सांबारात हिंग असतो. खरं उत्तर देणारा वेटर मिळाला तरी ते उत्तर त्याला स्वतःलाच माहीत नसतं. मैत्रिणींबरोबर जाऊ दे, बसू दे, हसू दे. पण खायचं ते घरचंच.

जुना वाचक

आमच्या वेळी ही नावंच नव्हती. सगळे पोळी खायचे आणि ठणठणीत असायचे. एखाद्या दिवशी घासभर खाल्लं तर असं काय होणार आहे? मुलीला भित्री करू नका, एवढं कळकळीने सांगतो.

ताटवाटी

काका, नावं नव्हती पण आजार होता. 'हाडकुळं पोर, खाल्लेलं लागतच नाही' असं म्हणून सोडून दिलेली मुलं प्रत्येक वाड्यात असायची. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाशी असलेला हा संबंध दाखवून दिला. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं उलट सुधारली. ब्रेड परत आल्यावर पुन्हा खंगली.

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून घासाचा हिशेब सांगते. एका पोळीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत चालून जातं असं मानतात. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की रोज ५० मिलिग्रॅम गेलं तरी तीन महिन्यांत आतड्याला इजा होते. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा चाळीस-पन्नासावा तुकडा. घास तर फार मोठा झाला.

आता हिंगाकडे वळते, कारण आपल्याकडची खरी गोम तिथेच आहे. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो पीठ आणि डिंक घालून बांधलेला असतो आणि पुष्कळ ब्रँडमध्ये ते पीठ गव्हाचं असतं. डबीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडेल. समजा, चाळीस वाट्यांच्या आमटीत चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम हिंग पडला आणि त्यात निम्मं गव्हाचं पीठ होतं. म्हणजे अडीच ग्रॅम पीठ आणि सुमारे २५० मिलिग्रॅम ग्लूटेन. वाटीमागे सहा मिलिग्रॅम. एका वाटीने आभाळ कोसळणार नाही. पण सहा किलो आमटीत २५० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे चाळीस, आणि 'ग्लूटेनमुक्त' म्हणायची आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. शिवाय ताटात एकटी आमटी कुठे असते? भाजीची फोडणी, उडदाचा पापड, ताकातला चाट मसाला, सगळीकडे हिंग.

म्हणून आईचंही बरोबर आहे आणि छत्रीताईंचंही. फक्त छत्रीताईंसारखा नियम सगळ्यांवर लादू नये. टीटीजी वेळच्या वेळी तपासत राहायचं आणि तो काय सांगतो त्यावरून बाहेर जाणं कमी-जास्त करायचं.

मिलानकर

मी नोकरीनिमित्त इटलीत असतो, बायकोला सिलिअ‍ॅक आहे. पास्ता आणि पिझ्झाचा देश, म्हणजे आमचं कठीण आहे असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात इथे बाहेर जेवायला आम्हाला पुण्यापेक्षा सोपं जातं.

२००५च्या कायद्याने इथे शाळा, रुग्णालयं आणि सरकारी कँटीनमध्ये मागणाऱ्याला ग्लूटेनमुक्त जेवण द्यावंच लागतं. रुग्णांची संघटना हॉटेलांना प्रशिक्षण देते आणि जमणाऱ्यांची यादी ठेवते. युरोपभर २०१४च्या डिसेंबरपासून चौदा अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती प्रत्येक खाणावळीने देणं बंधनकारक आहे. गव्हात बुडालेल्या देशात हे होतं, तर भाकरीच्या देशात का होऊ नये? भट्टीवरच्या दादांनी सांगितलेल्या अडचणी इथल्या आचाऱ्यांनाही होत्याच. रुग्ण घरी बसले असते तर काहीच बदललं नसतं.

निळी छत्री

मिलानकर, तिथे कायदा आधी आला आणि विश्वास मागून. इथे माझ्या आतड्यावर प्रयोग करून मी कायदा आणायचा का? आपल्याकडेही नियम आहे. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनी मेनूवर अ‍ॅलर्जीची माहिती द्यायची, ग्लूटेनची धान्यं त्यात येतात, जुलै २०२२पासून. कागदावर छान आहे. पण झुणका-भाकर केंद्राला किंवा महामार्गावरच्या ढाब्याला तो लागूच नाही, आणि आपण जेवतो तिथेच. साखळीतल्या दुकानातही 'यात गहू नाही' हे कळतं, 'याच तेलात गव्हाचं तळलंय' हे त्या तक्त्यातून कळत नाही. उकळत्या तेलात ग्लूटेन जळून जात नाही, हे कितीजणांना माहीत आहे?

लेकीची आई, पुणे

छत्रीताई, तुमच्या टीटीजीची हकिगत मी दोनदा वाचली आणि मला ती लागली. तरीही माझं मत बदललेलं नाही.

तीन वर्षांनी ही कॉलेजात जाईल. कँटीन, सहल, पार्टी, पहिली नोकरी. तेव्हा मी शेजारी नसेन. आज मी बरोबर असताना ती विचारायला शिकली नाही, नको म्हणायला शिकली नाही, पातेल्याकडे बोट दाखवून "यात हिंग कुठला?" म्हणायला शिकली नाही, तर तेव्हा काय करेल? ज्या मुलांना फक्त 'बंद' सांगितलंय ती सोळा-सतराव्या वर्षी चोरून पाणीपुरी खातात. आमच्या ओळखीत असं झालं आहे. त्या पोराने घरी सांगितलंही नाही, कारण सांगायची सोयच नव्हती.

ती सर्रास कुठेही खात नाही. हिंग घालत नाहीत असं कळलं म्हणून उपवासाची खिचडी मागवायची, ती स्वच्छ घासलेल्या कढईत करून देतील का विचारायचं, शेजारचा साबुदाणा वडा घ्यायचा नाही. प्रवासात सोलापूरची कडक भाकरी बरोबर असते, तीही ज्यांच्या गिरणीत गहू दळत नाहीत अशा बाईंकडची. घरचं पीठ घरघंटीवर. आणि टीटीजी दर सहा महिन्यांनी. वाढला तर मी तुमचं ऐकेन.

भट्टीवरचा, नाशिक

मी वर 'आमच्याकडे जेवू नका' लिहिलं ते आजही तसंच आहे, गर्दीच्या वेळेसाठी. पण हिंगाचा हिशेब वाचून आत जाऊन डबी बघितली. गव्हाचं पीठ आहे. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो असं किराणावाला म्हणाला, भावात थोडाच फरक आहे. तो बदलायला माझं काही जात नाही, बदलतो. सगळं हॉटेल त्याने ग्लूटेनमुक्त होणार नाही आणि तसा बोर्ड मी लावणार नाही. खोटा बोर्ड लावणारे वाढले आहेत, कारण हल्ली वजन कमी करणारेही 'ग्लूटेन-फ्री' मागतात आणि त्यांना कणभर गेलं तरी काही होत नाही. त्यामुळे आचाऱ्याला वाटतं, ही सगळी फॅशनच आहे. खऱ्या रुग्णांचं सगळ्यात मोठं नुकसान या लोकांनी केलंय.

लेकीची आई, पुणे

दादा, मनापासून आभार. मी एक चिठ्ठी तयार केली आहे, मराठीत आणि हिंदीत. तुमच्यासारख्याने तपासून दिली तर बरं होईल: "मला आजार आहे. गहू, मैदा, रवा, कणीक, जव आणि डबीतला हिंग कणभरही चालत नाही. कृपया धुतलेलं भांडं, धुतलेला चमचा आणि नवीन तेल वापरा. जमणार नसेल तर नाही सांगा, मला राग येणार नाही."

भट्टीवरचा, नाशिक

चिठ्ठी चांगली आहे. दोन बदल करा. सोया सॉस लिहा, त्यात गहू असतो हे आमच्या चायनीजवाल्यालाही ठाऊक नाही. आणि 'शेवया' लिहा, आचारी शेवयांना गव्हात धरतच नाहीत. ती वेटरच्या हातात देऊ नका, तो खिशात ठेवून विसरेल. मालक किंवा कॅप्टनला सांगून भट्टीवर न्या आणि आचाऱ्याला वाचून दाखवा. बाराच्या आत या. तेव्हा कढया घासलेल्या असतात, तेल ताजं असतं आणि आचारी बोलायच्या मनःस्थितीत असतो.

निळी छत्री

मी येणार नाही, पण चिठ्ठी लग्नाच्या केटररला देण्यासाठी मलाही हवी. तिथे डबा उघडला की चार नातेवाईक आग्रह करायला येतात.