गेमिंग कन्सोल ऑनलाइन जोडायला घरात काय काय बसवलंत? (अनुभव हवेत)

नमस्कार मंडळी. दहावी झाल्यावर लेकाला पीएस५ घेऊन दिला. फायबरचा डबा दाराशी, कन्सोल आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी रात्री मॅच रंगात आली की खेळ अडकतो आणि पोरगं रडकुंडीला येतं. दुकानदार म्हणतो बारा हजारांचा गेमिंग राउटर घ्या. एवढे पैसे घालण्याआधी ज्यांनी हे घरी निस्तरलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. काय घेतलं, काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं, सगळं लिहा. - पुणे

ठाणे
ताई, राउटर थांबवा, आधी डब्यापासून कन्सोलपर्यंत लॅनची (नेटची) वायर टाका. मी उलटं केलं आणि महागडा राउटर घेऊन बसलो. ऑनलाइन खेळायला स्पीड फार लागत नाही, पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) एकसारखा राहायला हवा. वायफायवर माझा पिंग १५ वरून मध्येच १५० वर उडायचा. कॅट ६ प्रकारची लॅन वायर स्कर्टिंगच्या कडेने पट्टीतून नेली, त्या दिवसापासून १५ चा १५ आहे. वायर मात्र शुद्ध तांब्याची मागून घ्या. सीसीए नावाची स्वस्त वायर सर्रास गळ्यात मारतात, ती आतून अ‍ॅल्युमिनियम असते. तार नखाने खरवडली की पांढरी दिसते.

नाशिक
वायरीला अनुमोदन, पण कनेक्टर नीट बघा. माझा प्लॅन ३०० चा आणि वायरीवर ९४ च्या वर काही जाईना. इंटरनेटवाला तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा 'आमच्याकडून ओके आहे' म्हणाला. शेवटी कनेक्टर ट्यूबलाइटसमोर धरला. आठातली निळी-पांढरी तार अर्ध्यातच थांबली होती, पिनेखाली पोचलीच नव्हती. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे बाकीच्या चारांतली (निळ्या-तपकिरी जोड्यांतली) एक निसटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. टोक कापून नवा कनेक्टर बसवला: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. लगेच पूर्ण ३०० मिळाले.

नागपूर
कोणी जुना पीएस४ घेत असाल तर: २०१३ चं पहिलं मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याच्या यादीत येणारच नाही, राउटर कितीही भारी असो. स्लिम आणि प्रो दोन्ही पकडतात.

कोल्हापूर
माझं दुखणं वेगळं होतं. पिंग झकास, पण मित्रांच्या पार्टी चॅटमध्ये आवाज येईना, कन्सोलवर नॅट टाइप ३ (नॅट म्हणजे अनेक उपकरणं एका पत्त्यामागे ठेवण्याची राउटरची पद्धत; टाइप ३ सगळ्यात अडवणारा). आधी कळलं की कंपनीचा डबा स्वतःच राउटर आहे आणि त्याच्यामागे माझा दुसरा, म्हणजे दोनदा नॅट. डबा ब्रिज मोडवर (त्याचं राउटरचं काम बंद) टाकून घेतला. तरी टाइप ३ च! मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा (कंपनीकडून राउटरला मिळालेला) पत्ता पाहिला, तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, कंपनीने बऱ्याच गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. याला सीजीनॅट म्हणतात आणि कुठलाही नवा राउटर ते सोडवू शकत नाही. दरमहा थोडे जास्त भरून स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता) घेतला, राउटरमध्ये यूपीएनपी (गेमला लागणारे मार्ग आपोआप उघडणारी सोय) चालू केलं, टाइप २ आला. राउटर घेण्याआधी हा पत्ता प्रत्येकाने बघावाच, अगदी कळकळीने सांगतो.

न्यू जर्सी
भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नाहीत. इथे खोल्यांमध्ये केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर आधीच असते, तिच्या दोन टोकांना मोका अ‍ॅडॉप्टर (त्याच वायरीतून नेट नेणारे) लावले. लॅनइतकंच स्थिर चालतं.

छत्रपती संभाजीनगर
निंटेंडो स्विच कन्सोलवाल्यांसाठी: २०१७ च्या डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) लॅनचं भोकच नाही, यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. ओएलईडी मॉडेलच्या डॉकला आहे.

अकोला
आमच्याकडे लाइट जाण्याचा त्रास. टीव्ही आणि कन्सोल इन्व्हर्टरवर चालू राहायचे, डबा आणि राउटर बंद पडायचे. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घेतला. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, हे विसरू नका.

पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. टेपने मोजलं, १७ मीटर भरलं. रविवारी वायर आणली, चौकटीवरून खिळे मारत लेकानेच नेली. पिंग आता १२-१३. राउटर घेतला नाही. एकच राहिलंय: रात्री ह्यांच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की पिंग ९० वर जातो.

ठाणे
ताई, ती अपलोडची गर्दी. राउटरमध्ये एसक्यूएम (नेटवरची गर्दी आवरणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मिळणाऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर लावा. ती सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप मॅच संपेपर्यंत बंद ठेवायला सांगा.