मदत हवी आहे: स्टीमपंक डिटेक्टिव्ह गेमसाठी कॅरेक्टर सुचवा (तातडीचं!)

वाफाळ:
शनिवारी गेम आहे आणि अजून हातात धड काही नाही. स्टीमपंक (वाफेच्या यंत्रांच्या जमान्यातली कल्पित दुनिया), डिटेक्टिव्ह, रोलप्लेइंग (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचं). काहीही लिहायला बसलो की उंच टोपी, गॉगल आणि एक हात पितळेचा, यापुढे गाडी जात नाही. नेटवरच्या याद्या वाचून डोकं उठलं, सगळीकडे लंडनचं धुकं. ते नको. कृपया लगेच सुचवा, शुक्रवारी प्रिंट काढायच्या आहेत.

विसाचा फासा:
सिस्टीम, म्हणजे नियमांचा संच, कुठली? खेळणारे किती? कथा कुठे घडते? कुठला काळ? तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकवून गाडी कुठली ते ओळखा म्हणताय.

अळूवडी:
मी एक दिलेलं: किल्लीवर चालणारा पितळी पोपट. मरणाऱ्याने बोललेले शेवटचे सात शब्द तो रिपीट करतो. जाम धमाल येते. घ्या, फुकट आहे.

विसाचा फासा:
पोपट हे कॅरेक्टर नाही, पोपट हे सामान आहे. आणि खुनाचं उत्तर पोपटच देणार असेल तर बाकीच्यांनी काय भजी खायची?

अळूवडी:
सात शब्द अर्धवट असतात हो. तिथेच तर मजा आहे. खेळून बघा आधी, मग बोला.

वाफाळ:
पोपट नको. सिस्टीम फेट. कथा गोव्यातच आहे, ते उघड आहे, आम्ही सगळे मडगावचे. १८८० नंतरचा काळ, रेल्वे येते तेव्हाचा. आता सांगा.

घाटवळण:
रेल्वेचं नाव काढलंत म्हणून. मुरगाव बंदरातून निघालेली मीटर गेज लाइन १८८८ मध्ये घाट चढून कॅसल रॉकला पोचली. कॅसल रॉक ब्रिटिश हद्दीत, कुळें पोर्तुगीज हद्दीत. घाटात ३७ फुटांना १ फूट चढ आहे, आजही मागून जादा इंजिनं लावतात. ब्रॉडगेज झालं ते १९९० च्या दशकात, आणि त्या वेळी दूधसागरच्या अलीकडे...

विसाचा फासा:
घाटवळण, ब्रॉडगेजचा धागा वेगळा काढा, मी नक्की येईन. पण ते मागून लागणारं इंजिन मस्त आहे. त्यावरचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, हे कॅरेक्टर घ्या. गाडीची शेपटी घाटभर त्याच्या नजरेसमोर असते. कोण उतरलं, कुठल्या बोगद्यानंतर दिवा विझला, हे त्यालाच ठाऊक. आणि फायरमनचं ऐकतो कोण?

वाफाळ, फेटमध्ये दोनच ओळी नीट लागतात. हाय कन्सेप्ट, म्हणजे हा माणूस कोण. ट्रबल, म्हणजे तो वारंवार गोत्यात का येतो. तुमच्या पितळी हाताने दोन्ही होत नाहीत. माझा ठोकताळा असा: प्रत्येकाला एक अशी जागा द्या जिथे तो बिनदिक्कत आत जातो आणि बाकीच्यांना दारातच अडवतात. गॉगल नंतर चढवा.

जुनी काबिजाद:
इथे मिठाकडे कोणी बघतच नाहीये याचं नवल वाटतं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यातल्या मिठाचा कारभार ब्रिटिशांच्या हाती गेला. तो करार १८९२ मध्ये संपला. म्हणजे तुमच्या कथेच्या काळात राज्य पोर्तुगालचं आणि मिठागरावर हुकूम इंग्रजांचा. याहून चांगली डिटेक्टिव्ह कथा कुठे मिळणार? मीठ खात्यातला कारकून घ्या. मिठाच्या राशी मोजणं हे त्याचं काम, त्यामुळे कुठलंही आगर त्याला उघडं. आणि त्याच्या मामाचंच आगर बंद पडलेलं.

दुसरा माणूस दुभाषी. कोर्टाचं काम पोर्तुगीजमध्ये, साक्षीदार बोलतो कोकणी, जमिनीचा कागद मोडीत. तिघांच्या मध्ये हाच. मागच्या एका खटल्यात त्याने साक्ष जरा 'नीट' करून सांगितली होती, आणि ते कोणाला तरी कळलंय. ट्रबल आयतंच.

अळूवडी:
छान. दहावीचा इतिहासाचा पेपर तयार झाला. वाफ कुठे आहे? पंक कुठे आहे?

जुनी काबिजाद:
पंक म्हणजे व्यवस्थेला नडणं अशी माझी समजूत आहे. मीठ चोरून घाट चढवणारा माणूस नडत नाही तर काय करतो?

अळूवडी:
यंत्र नाही तर स्टीमपंक नाही. एवढं साधं आहे.

मानशीकडचा:
यंत्र हवंय ना? खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातली मानस पाहिलीय कधी? बांधातली लाकडी दारं अशी टांगलेली असतात की भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने ती मिटतात, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. इंजिन नाही, किल्ली नाही, पिढ्यानपिढ्या चालू. ओहोटीला तिथेच जाळं लावून मासे धरतात, त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो. आमच्याकडे दाराच्या चौकटीला कालवं चिकटलेली असायची, भरतीचं पाणी कुठवर येतं ते त्यांच्यावरून कळायचं.

आता याला पितळ जोडा. भरती-ओहोटीचं गणित करणारं यंत्र १८७२ च्या सुमारास विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने काढलं. कप्प्यांवरून एक दोर फिरतो, कप्पी म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीचा एकेक हिस्सा, आणि दोराचं टोक कागदावर पाण्याची रेघ काढतं. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असं एक यंत्र १८८० च्या आधीच लंडनमध्ये तयार होतं. तुमच्या गोष्टीत त्याची एक नक्कल मुरगाव बंदरात आणून ठेवा. यंत्राचा कागद म्हणतो दारं दोन वाजता मिटली. मानशीवरचा म्हातारा म्हणतो, नाही, त्या रात्री कोणीतरी दारात फळी घातली होती. एक कॅरेक्टर तो म्हातारा, दुसरं यंत्राला तेल घालणारी पोर. दोघांचं जन्मात पटायचं नाही.

अळूवडी:
हे मात्र मान्य. पोपट मागे घेतो.

साखळीची सून:
साहेब लोकांचे पगार एस्कुदोमध्ये दाखवा, वातावरणनिर्मिती होईल.

जुनी काबिजाद:
एस्कुदो गोव्यात फार नंतर आला. तेव्हा रुपया आणि तांगा. सोळा तांगांचा रुपया.

साखळीची सून:
बरं. मग सत्तरी तालुक्यातले राणे तरी घाला. दीपाजी राण्यांचं पोर्तुगीजांविरुद्धचं बंड १८५२ चं. त्यात लढलेल्या एखाद्याचा नातू आता रेल्वेच्या गोदामात हमाल. आजोबांची तलवार घरात, आणि पोलिसांची नजर कायम त्याच्यावर. त्याला संशयित करू नका, तपास करणारा करा.

वाफाळ:
सगळं भारी आहे पण एकेक करून येतंय. मला पाच लागतील.

विसाचा फासा:
पाच?? म्हणजे खेळवणारे तुम्ही आहात?

वाफाळ:
मग प्रिंट कशाला काढतोय? पाच जणांच्या हातात तयार कॅरेक्टर द्यायची आहेत. त्यात एक आमची मामी. तिने आयुष्यात असला गेम खेळलेला नाही, पण शनिवारी घर तिचं आहे त्यामुळे ती खेळणार.

विसाचा फासा:
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. असो. पाच असतील तर पाचांची दारं वेगवेगळी पाहिजेत. फायरमन: गाडी. कारकून: आगरं. दुभाषी: कोर्ट. हमाल: गोदाम. पाचवी मामी. आणि कुठलाही महत्त्वाचा पुरावा एकाच फाशावर टांगू नका. फासा पडला नाही तर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. तीच गोष्ट तीन ठिकाणी ठेवा.

मानशीकडचा:
म्हणजे माझा म्हातारा आणि ती पोर दोघंही बाद?

विसाचा फासा:
बाद कशाला, ते वाफाळनी स्वतः खेळवावेत. साक्षीदार म्हणून तेच सगळ्यात भारी आहेत.

काजूचा रस:
मामीला भाटीवाली करा. फेणीची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी, गावठी स्टीमपंकच आहे: खाली आग, भाणात (मोठ्या मडक्यात) रस उकळतो, वाफ नळ्यातून लावणीत (वाफ थंड करायच्या भांड्यात) उतरते, लावणीवर सतत गार पाणी ओतत राहायचं. पाणी ओतणाऱ्याचा डोळा लागला की माल गेला. ही बाई नुसत्या वासावरून आग किती आहे ते सांगते. बॉयलर आपोआप फुटला की फोडला, हे इंजिनियरच्या आधी तिला कळेल. शिवाय पोलीस, कारकून, पाद्री सगळे रात्री तिच्याच अंगणात. मामीला नियम शिकवायची गरजच नाही, तिला फक्त लोकांना बोलतं करायचंय.

वाफाळ:
मामी खूश होईल, तिच्या माहेरी भाटी होती. पण ट्रबल काय देऊ?

काजूचा रस:
उधारी. गावातल्या अर्ध्या लोकांकडे तिचे पैसे अडकलेत, त्यामुळे खुनी कोणी पकडू नये असंही तिला वाटू शकतं.

पणजीचा डॉक्टर:
पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ ची. प्रेत तपासायला तिथला विद्यार्थी घ्या, सहावा म्हणून. नाहीतर मडं कापणार कोण?

वाफाळ:
सहावा खेळाडू नाही. डॉक्टरही मीच करतो. शेवटचा प्रश्न, मग पळतो: खून कोणाचा?

जुनी काबिजाद:
मीठ खात्याच्या इंग्रज साहेबाचा. मुरगावला गाडीत बसताना दिसला, कॅसल रॉकला मालडब्यात सापडला, कपडे खाऱ्या पाण्याने ओलेचिंब. पोर्तुगीज म्हणणार तुमच्या हद्दीत मेला, इंग्रज म्हणणार तुमच्या.

घाटवळण:
मग साल १८८८ च्या आधीचं धरू नका. त्याआधी गाडी कॅसल रॉकला जातच नव्हती, मढं कुळेंलाच उतरवावं लागेल.