डिसेंबर ९२ चा जन्म, कुणबी, वडील शिक्षक. यूपीएससीला अजून बसता येईल का?

गुहागरची_लेक:
नमस्कार. माहेर गुहागर तालुक्यात, सासर चिपळूणकडे. जन्म डिसेंबर १९९२. बारावीनंतर मुंबईत मावशीकडे राहून नोकरी केली आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केलं. तेव्हा यूपीएससीची पूर्व परीक्षा दिली होती, तयारी यथातथाच होती. एका वर्षी सकाळचा पेपर देऊन दुपारी सीसॅटला बसलेच नाही. आणखी एका वर्षी हॉल तिकीट आलं, पण आई आजारी होती म्हणून केंद्रावर गेलेच नाही. हे फॉर्म मी ओपनमधून भरले होते, कारण जातीचा दाखला काढलेला नव्हता.

आता दोन्ही मुलं शाळेत जायला लागली आहेत आणि अभ्यासाला पुन्हा बसायची फार इच्छा आहे. २०२७ चा विचार करतेय. पण मैत्रीण म्हणते बत्तीस उलटली की विषय संपला. आम्ही कुणबी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांचा पगार वर्षाला आठ लाखांच्या वर जातो. हापूसची बाग आहे, शिवाय घराच्या दोन खोल्या सीझनला पर्यटकांना देतो, त्याचे दीड-दोन लाख होतात. नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची चौकशी केली तिथे 'आठ लाखांवर उत्पन्न, नॉन-क्रिमीलेयर होणार नाही' असं एका वाक्यात सांगून परत पाठवलं. मिस्टर खासगी कंपनीत आहेत, त्यांचाही पगार धरतात का? मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया सांगा.

बांदा_ते_बोरिवली:
ताई, मैत्रीण सांगते ती मर्यादा खुल्या गटाची. ओबीसीला ३५ आहे. आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला तर तुमच्याकडे बरीच वर्षं आहेत, तिथे खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. दाखल्याचं मात्र जाणकारांना विचारा.

निवृत्त_अव्वल_कारकून:
तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगंतुगं करतो, राग मानू नकोस. कोकणातल्या प्रांत कार्यालयात माझी बरीच नोकरी दाखल्यांच्या टेबलावर गेली. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलोय की 'मी पात्र आहे का' एवढंच विचारू नये, 'कुठल्या तारखेला पात्र आहे' असं विचारावं. वय एका तारखेला मोजतात, पदवी दुसऱ्या, दाखला तिसऱ्याच. आपली पोरं हुशार असतात, जीव तोडून अभ्यास करतात आणि अशा एखाद्या तारखेपाशी अडकतात. ते बघून जीव तुटतो.

आधी वय. यूपीएससी परीक्षेच्या वर्षातली १ ऑगस्ट धरते. त्या दिवशी २१ पूर्ण हवीत आणि खुल्या गटात ३२ पूर्ण झालेली नसावीत. ओबीसीला तीन वर्षांची सवलत. १ ऑगस्ट २०२७ ला तू चौतीस वर्षांची असशील, म्हणजे चालतं. १ ऑगस्ट २०२८ ला पस्तीस पूर्ण होऊन गेलेली असतील. थोडक्यात, केंद्राच्या परीक्षेसाठी २०२७ हे एकच साल तुझ्या हातात आहे, आणि तेही नॉन-क्रिमीलेयर दाखला वेळेत हातात आला तर. म्हणून पुढचं नीट वाच.

प्रयत्नांचं म्हणशील तर खुल्या गटाला ६, ओबीसीला ९. पूर्व परीक्षेचा एक जरी पेपर दिला तरी तो प्रयत्न धरतात, त्यामुळे तुझा अर्धा दिवससुद्धा पुरा मोजला जाईल. नुसता अर्ज भरला, हॉल तिकीट आलं आणि केंद्रावर गेलीच नाहीस, ते वर्ष मोजत नाहीत. ओपनमधून दिलेले प्रयत्न पुसले जात नाहीत, ते नवातच धरायचे. तू लिहिलंस त्यावरून नवाच्या जवळपासही गेलेली दिसत नाहीस.

पदवीची काळजी सोड. मुक्त विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं आहे, पदवी दोन्हीकडे चालते. यूपीएससीला टक्केवारीचीही अट नाही.

आता दाखला. तुला एका वाक्यात परत पाठवलं याचा मला खरंच राग आला. आठ लाखांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्यात काय धरायचं हे फार थोडे लोक वाचतात. क्रिमीलेयरचे निकष केंद्राने १९९३ साली ठरवले. त्यात नोकरदाराच्या बाबतीत आधी त्याचं पद बघतात. आई किंवा वडील थेट वर्ग १ च्या पदावर लागलेले असतील तर मूल क्रिमीलेयरमध्ये जातं. दोघंही वर्ग २ असतील तरीही जातं. तुझे वडील जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, म्हणजे वर्ग ३. पदामुळे तू अडकत नाहीस. पुढे उत्पन्नाची चाचणी लागते, पण तिच्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवत नाहीत. पगार कितीही असो, तो आठ लाखांत येत नाही.

आणि बागेबद्दल विचारलंस ते बरं केलंस, कारण आपल्याकडे यावरून फार गोंधळ होतो. त्याच निकषांत मळ्यांचा वेगळा उल्लेख आहे. चहा, कॉफी, रबराचे मळे उत्पन्नाच्या चाचणीत जातात. आंबा मात्र नाव घेऊन शेतजमिनीत धरला आहे. त्याला बघायचं ते क्षेत्र, म्हणजे कमाल जमीन धारणेच्या मर्यादेच्या तुलनेत ओलिताखालची जमीन किती ते. आपल्या कातळावरच्या बागा त्या मर्यादेच्या आसपासही जात नाहीत. पेट्या वाशीला किती गेल्या हे दाखल्यासाठी कुणी विचारू नये.

राहिल्या पर्यटकांच्या दोन खोल्या. ते 'इतर मार्गाचं' उत्पन्न, ते धरतात. दीड-दोन लाख आठ लाखांच्या पुष्कळ खाली आहेत. अर्जात ते स्वच्छ दाखव, लपवू नकोस.

नवऱ्याचा पगार धरत नाहीत. ओबीसी उमेदवाराचा क्रिमीलेयर आईवडिलांवरून ठरतो, लग्नानंतरही. दाखला माहेरच्या नावाने निघतो. सोबत विवाह नोंदणीचा दाखला लाव आणि परीक्षेच्या अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे ठेव.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे राज्याचा नॉन-क्रिमीलेयर आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. कुणबी दोन्ही याद्यांत आहे, त्यामुळे दोन्ही मिळतील, पण अर्ज करताना 'केंद्राच्या नमुन्यात हवा' असं स्पष्ट सांगावं लागतं. यूपीएससीला तो गेल्या तीन आर्थिक वर्षांवर आधारलेला आणि परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत निघालेला लागतो. एका दिवसाने उशिरा निघालेला दाखला खरा असूनही उपयोगाचा नसतो. गणपतीच्या आधीच चिपळूणला प्रांतांकडे प्रकरण जाऊ दे. सणाच्या दिवसांत आपल्याकडे काय होतं ते तुला सांगायला नको.

निवृत्त_अव्वल_कारकून:
राज्यसेवेचं लिहायचं राहिलं. ती सोडू नकोस, माझं तर मत तिलाच मुख्य धर असं आहे. तुझ्या प्रवर्गाला ४३ पर्यंत मुभा आहे. एमपीएससीने २०२० च्या अखेरीस संधींची मर्यादा जाहीर केली होती, ती नंतर मागे घेतली, त्यामुळे तिथे प्रयत्न मोजत नाहीत. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. खुल्या गटातल्या महिलांना त्यासाठी लागणारी नॉन-क्रिमीलेयरची अट २०२३ मध्ये निघाली, पण ओबीसी म्हणून अर्ज करताना तुला तो दाखला लागेलच. पूर्व परीक्षा मराठीतून देता येते, यूपीएससीची पूर्व फक्त हिंदी-इंग्रजीत असते. मुख्य परीक्षा आता दोन्हीकडे वर्णनात्मक आहे, राज्याची लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५. एकच अभ्यास दोन्हीकडे लागू पडतो. पोलीस उपनिरीक्षकाचं मात्र मनात आणू नकोस, तिथे मागासवर्गीयांना ३४ च आहे.

सावंतवाडीचा_मुलगा:
काका, मी मराठा. एसईबीसी दाखला काढला आहे. तो यूपीएससीला चालेल का?

निवृत्त_अव्वल_कारकून:
नाही रे बाळा. एसईबीसी हे २०२४ च्या राज्याच्या कायद्याने दिलेलं आरक्षण, केंद्रात तो प्रवर्ग नाही. केंद्रात तू खुला किंवा अटी बसल्या तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटक. तिथे हिशोब उलटा आहे, पगार, शेती, धंदा सगळं आठ लाखांत येतं आणि लग्न झालं असेल तर बायकोचं उत्पन्नसुद्धा. शिवाय कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर बाद. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, तेव्हा तुमच्या घराचा हिस्सा किती भरतो ते आधी तलाठ्याकडे बसून काढ. केंद्रात ईडब्ल्यूएसला वयाची सवलत नाही आणि प्रयत्नही सहाच.

दापोलीकर_आई:
मी खुल्या गटातली. आम्हाला आधी एक मुलगी, मग जुळे मुलगे झाले. राज्याच्या नोकरीला चालेल का?

निवृत्त_अव्वल_कारकून:
चालेल. लहान कुटुंबाचे नियम २००५ चे, आणि २८ मार्च २००६ नंतर झालेल्या तिसऱ्या अपत्याने माणूस अपात्र होतो हे खरं. पण एका अपत्यानंतर जुळी झाली तर ती एकच अपत्य धरतात. प्रतिज्ञापत्रात तिघांच्याही जन्मतारखा लिहा.

गुहागरची_लेक:
काका, तुमचे उपकार कसे मानू. बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. माझ्यामुळे तुझं अडलं असं त्यांना वाटत होतं. उद्याच कागद गोळा करायला घेते. एकच अडचण आहे, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेलीच नाही, नुसतं 'हिंदू' आहे. आणि आजोबा १९६० च्या सुमाराला गिरणीत कामाला मुंबईला गेले होते.

निवृत्त_अव्वल_कारकून:
बाय, घाबरू नकोस, निम्म्या कोकणाचं असंच आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा गिरणीत असले तरी घर, शेत, घरपट्टी गावातच असणार, ते फेरफार आणि घरपत्रकाचे उतारे काढ. जातीसाठी आजोबांवरच थांबायचं नाही. त्यांचे सख्खे-चुलत भाऊ, आत्या, पणजोबा, बापाकडच्या रक्ताच्या कुणाचीही जुनी नोंद चालते. शाळेत आजोबांच्या धाकट्या भावंडांची नावं जनरल रजिस्टरमध्ये बघायला सांग. ते नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाकडची जन्ममृत्यूची नोंदवही. तिच्यात जातीचा रकाना असतो, आणि पणजोबांच्या नावासमोर 'कुणबी' किंवा नुसतं 'कु.' सापडतं. अर्ज करून नक्कल घे, जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर करून घे.

आणि भावकीत कुणाकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे का ते आजच विचार. यूपीएससीला वैधता लागत नाही, पण राज्याच्या नोकरीला लागतेच, तेव्हा जिल्ह्याच्या पडताळणी समितीपुढे बापाकडच्या चुलत भावाची वैधता आणि वंशावळीचं शपथपत्र यांचा मोठा आधार होतो. वंशावळ लिहिताना गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी बस, आडनाव कुठे बदललं ते त्यालाच माहीत असतं. दाखला हातात पडला की इथे कळव.