प्रतिसाद: चिकट झालेली ध्वनिटेप शेकण्याआधी

चित्रकारांच्या जुन्या मुलाखतींच्या ध्वनिटेपांची रिळं चिकट झाली असतील तर ती शेकून घ्या, असा सल्ला वर कुणी दिलाय; तो सरसकट लागू करू नका. १९७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच पॉलिएस्टर टेपांचा बाइंडर (चुंबकीय कण टेपेला चिकटवून ठेवणारा थर) हवेतली ओल शोषतो. त्यांना साधारण ५४ अंश सेल्सिअसवर आठेक तास कोरडी उष्णता दिली की काही आठवडे वाजतात. तापमान स्थिर राहणारं इन्क्युबेटरच हवं, स्वयंपाकाचा ओव्हन नको. अ‍ॅसिटेट (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) टेप मात्र शेकलीत तर कायमची जाईल. ती ओळखायला रीळ दिव्यासमोर धरा: गुंडाळीतून उजेड आरपार दिसला किंवा व्हिनेगरसारखा वास आला, तर शेकायचंच नाही.

टेपवरून केलेली डिजिटल मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये, आवाज साफ न करता ठेवा. चित्रकार उत्तराआधी थांबतो, ती शांतताही मुलाखतच आहे. एमपी३ फक्त ऐकण्यापुरती.