संक्रांतीची सामाईक खरेदी (जर्मनीतील फ्रँकफुर्ट परिसर ग्रुपवरील चर्चा)

मंजिरी (एशबोर्न): सर्वांना नमस्कार. संक्रांत तोंडावर आली आहे आणि दिवाळीनंतर करायची ठरलेली किराण्याची सामाईक मागणी अजून "बघू, कळवू" यातच अडकून पडली आहे. आज आपल्या नेहमीच्या भारतीय दुकानातून तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गूळ आणि कढीपत्त्याची एक लहानशी पुडी एवढेच घेतले, तरी बिल आठवड्याच्या भाजीपाल्याहून जास्त झाले. दोन लहान मुलांच्या घरात वरणभात रोज लागतो, त्यामुळे हा माझ्यासाठी हौसेचा प्रश्न नाही. मागणी होणार आहे की नाही, हे कोणीतरी आज स्पष्ट सांगावे.

अनिलकाका (बाड होम्बुर्ग): मंजिरी, मागणी अवश्य करू. मात्र प्रत्येकाचे पैसे आगाऊ जमा झाल्याशिवाय मी घाऊक व्यापाऱ्याला एकही पोते सांगणार नाही, हे नम्रपणे नोंदवतो.

श्रद्धाताई (ओफेनबाख): मागणीच्या आधी यादी तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या यादीत रवा, बेसन, मसूर, तीळ, धणे-जिरे असे निम्मे सामान होते आणि ते भारतातूनच आलेले असायला हवे असे मुळीच नाही. तुर्की दुकानात रवा, तीळ, काबुली चणे आणि ज्याची लापशी उत्तम होते तो बुलगूर (गव्हाचा दलिया) मिळतो. तिथल्या कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्याही आपल्या दुकानातल्या पुडीच्या कितीतरी पट मोठ्या असतात. लाल मसूर तर कोणत्याही सुपरमार्केटात आहे. तिथे फळीवरच्या चिठ्ठीवर किलोमागचा दर बारीक अक्षरात छापलेला असतो, कारण तो छापणे इथे कायद्याने बंधनकारक आहे. पाकिटाची किंमत सोडून तो दर वाचला, की कोणते पाकीट परवडते ते जागच्या जागी कळते.

समीर (हानाऊ): ताई, मसुरीची आमटी होते, वरण होत नाही. घरात आई आहेत आणि त्यांना तुरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. शिवाय यादीची चर्चा करण्यापूर्वी गेल्या वेळच्या तांदळाच्या पोत्याचा विषय मिटवावा, ही विनंती. माझ्या वाट्याला आलेल्या तांदळात पोरकिडे निघाले आणि पैसे मात्र मी सर्वांइतकेच भरले.

वर्षावहिनी (हानाऊ): समीर, पोते माझ्या तळघरात होते, म्हणून हे मला उद्देशून आहे असे मी समजते. बाकी सर्वांनी आपापला तांदूळ त्याच आठवड्यात नेला. तुम्हाला फोन करूनही तुम्ही आला नाहीत, आणि उघडलेले पोते तिथे तसेच राहिले. जागा मी विनामूल्य दिली होती, एवढे तरी लक्षात असू द्यावे.

समीर (हानाऊ): वहिनी, जागेबद्दल मी ऋणी आहे, परंतु त्या दिवसांत मी कामानिमित्त बाहेरगावी होतो, हे मी ग्रुपवर कळवले होते.

श्रद्धाताई (ओफेनबाख): यापुढे तांदूळ आणि रवा घरी आणताच दोन-दोन किलोंच्या पिशव्या करून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा आणि मग हवाबंद डब्यात भरावा. अंडी आणि किडे दोन्ही मरतात. आता कृपया मूळ विषयाकडे येऊ.

निखिल (डार्मस्टाट): मी विद्यार्थी आहे आणि आम्ही चौघे एकत्र राहतो, त्यामुळे तांदूळ हा आमचा सर्वांत मोठा खर्च. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा इथे कोलम आणि सोना मसुरी यांचे भाव चढले हे समजण्यासारखे होते. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, तरी आमच्या जवळच्या दुकानातला भाव फारसा खाली आलेला नाही. मग भारतातल्या संकेतस्थळावरून थेट पार्सल मागवले तर?

श्रद्धाताई (ओफेनबाख): निखिल, तो मार्ग महागच पडेल. मागवलेल्या मालावर पूर्वी २२ युरोंपर्यंत आयात-व्हॅटची (मूल्यवर्धित कराची) सूट असे, ती युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. तेव्हापासून स्वस्त मालावरही कर लागतो, वर टपाल खात्याचे हाताळणी शुल्क वेगळे. घरच्यांनी भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलला ४५ युरोंपर्यंत सूट आहे, पण तांदळासारख्या जड वस्तूला टपालखर्चच मालापेक्षा जास्त होतो. हलक्या आणि इथे महाग असलेल्या वस्तूंसाठीच, म्हणजे गोडा मसाला, मेतकूट, आमसूल, हिंग यांच्यासाठी, ती सूट वापरावी.

अनिलकाका (बाड होम्बुर्ग): सर्व माहिती उपयुक्त आहे. पैसे आगाऊ जमा झाल्याशिवाय मागणी नोंदवली जाणार नाही, हे पुन्हा नमूद करतो.

निखिल (डार्मस्टाट): काका, हे वाक्य ग्रुपच्या वर्णनातच लिहून टाकू का? 🙏

अनिलकाका (बाड होम्बुर्ग): अवश्य लिही. दोन वर्षे हिशेब मी ठेवतो आहे आणि प्रत्येक वेळी उरलेली रक्कम मीच भरतो, हे तुझ्यासारख्या नवीन सदस्याला ठाऊक नसावे.

मंजिरी (एशबोर्न): काका, तुमचे कष्ट सर्वांना ठाऊक आहेत. निखिलने आदरानेच विचारले आहे. आपण पुढे जाऊ या.

वर्षावहिनी (हानाऊ): आमच्या सासूबाई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून येत आहेत. दोन किलो साजूक तूप, पेढे, ताजा कढीपत्ता आणि वडीसाठी अळूची पाने आणायचे त्यांच्या मनात आहे. कोणाला काही हवे असल्यास सांगावे.

श्रद्धाताई (ओफेनबाख): वहिनी, कृपया त्यांना आजच फोन करावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ सामानात आणता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे दोन्ही काढून घेतले जातील. ताजी पाने, भाज्या आणि बहुतेक फळे यांना १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नारळ, केळी, अननस, खजूर आणि डुरियन तेवढे त्यातून वगळलेले आहेत. सत्तरीच्या बाईंना लांबच्या प्रवासानंतर बॅग उघडून उभे राहावे लागू नये, एवढ्यासाठीच हे आग्रहाने सांगते. २०१४ मध्ये माल किडका निघाल्यामुळे संघाने भारताचा आंबा आणि त्याबरोबर अळू, कारली, वांगी, पडवळ यांची आयात बंद केली होती, तेव्हापासून तपासणी किती कडक आहे ते आपण पाहतोच. कढीपत्ता महाग असण्याचे एक कारणही हेच, की भारतातून येणाऱ्या मालावर कीटकनाशकांच्या अंशांसाठी वाढीव तपासणी होते.

वर्षावहिनी (हानाऊ): मग तुपाचे काय करावे? इथल्या भारतीय दुकानातले तूप मला परवडत नाही.

श्रद्धाताई (ओफेनबाख): घरी कढवावे. डिस्काउंट दुकानातले पाव किलोचे बिनमिठाचे लोणी २०२४ च्या अखेरीस २.३९ युरोंवर गेले होते, ते नंतर बरेच उतरले. अशा चार वड्यांचे पाऊण किलोच्या वर तूप होते. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे, फेस बसून तळाशी बेरी तांबूस झाली आणि वरचे तूप पारदर्शक दिसले की लगेच उतरावे. विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून पातेले बाजूला सरकवणे विसरू नये. चक्क्यासाठी क्वार्क (इथले दह्यासारखे मऊ ताजे चीज) रात्रभर फडक्यात टांगला तर श्रीखंडही होते.

समीर (हानाऊ): हे सर्व मान्य, पण तीळ तुर्की दुकानातून घेण्याबद्दल मला शंका आहे. २०२० मध्ये तिळात इथिलीन ऑक्साइड हा इथे अन्नासाठी बंदी असलेला जंतुनाशक वायू सापडल्यामुळे केवढी पाकिटे परत घेतली गेली होती.

श्रद्धाताई (ओफेनबाख): समीर, तो माल भारतातूनच आलेला होता, आणि त्यानंतर भारतीय तिळाला तपासणीचा अहवाल सक्तीचा झाला. दुकान तुर्की असो वा आपले, पाकिटावरचा मूळ देश आणि तारीख वाचून घ्यावी.

मंजिरी (एशबोर्न): मग सामाईक मागणी फक्त तूरडाळ, कोलम, जाडे पोहे, साबुदाणा आणि गूळ एवढ्यापुरतीच ठेवू. यादी लहान झाली की पोती पूर्ण भरतील आणि अर्धवट पोत्यांवरून वादही होणार नाहीत. माझी तूरडाळ १० किलो, पोहे ४ किलो, गूळ २ किलो. तिळगुळासाठी चिक्कीचा गूळ वेगळा सांगावा, साध्या गुळाच्या वड्या मऊ पडतात.

निखिल (डार्मस्टाट): आमचा कोलम २० किलो. पोती उतरवायला मी येईन.

वर्षावहिनी (हानाऊ): आमची तूरडाळ ५ किलो. तळघर या वेळी मी देऊ शकणार नाही.

अनिलकाका (बाड होम्बुर्ग): माल माझ्या गॅरेजमध्ये उतरवू. पोती सर्वांसमोर उघडून, वजन करून त्याच दिवशी वाटली जातील. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपल्या वतीने कोण येणार ते आधी कळवावे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पैसे आगाऊ जमा झाले पाहिजेत.

समीर (हानाऊ): तूरडाळ १० किलो. पैसे आत्ताच पाठवले आहेत. मी स्वतः येईन आणि वहिनींचीही डाळ घेऊन येईन.