मदत हवी आहे: सीए इंटर, एक ग्रुप द्यावा की दोन्ही?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. सीए इंटर म्हणजे सीएची मधली परीक्षा, तिचे तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात. माझा पहिला ग्रुप ८ मार्कांनी गेला. अकाउंट्स ५८, लॉ ४१, टॅक्स ४३. तिन्ही पेपरांत ४० च्या वर आहे, पण ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात, माझे १४२ झाले. अकाउंट्सला ६० पडले असते तर निदान त्या पेपराची सूट मिळाली असती, म्हणजे तो पुन्हा द्यावा लागला नसता. ते दोन मार्क फार लागले मनाला.

दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर ६०० पैकी ३०० झाले तरी चालतात, म्हणजे दुसऱ्या ग्रुपमधल्या कॉस्टिंगचे जादा मार्क लॉला सावरतील. कॉस्टिंग माझं पक्कं आहे, पण त्याच ग्रुपमधल्या ऑडिटचं पुस्तक अजून कोरंच आहे, आणि ४० तर प्रत्येक पेपरात हवेतच. बाबा म्हणतात एकच दे.

लॉचे ३० मार्कांचे एमसीक्यू बरे जातात. लेखी उत्तरात तरतूद नीट मांडते, पण ती दिलेल्या प्रसंगाला लावायचं राहतं, थेट निष्कर्षावर उडी मारते. सांगली-मिरजेत कुणी ताई-दादा माझी चार उत्तरं तपासून देतील का? दोन्ही ग्रुप एकदम दिलेल्यांनी ऑडिटला किती दिवस दिले तेही सांगा.