जहाजाचा तळ पाण्यातच घासल्यावर निघालेली घाण कोठे जावी?

सातपूरचा यंत्रकार:
नमस्कार. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग तयार करण्याचा लहान कारखाना आहे. पाण्याखाली जहाजाच्या पत्र्याला चुंबकाने चिकटून फिरणाऱ्या सफाईयंत्रासाठी फिरता ब्रश आणि त्याभोवतीचे आवरण बनवून द्याल का, अशी विचारणा मुंबईच्या एका ग्राहकाने केली आहे. आराखड्यात ब्रशच्या तंतूंची जाडी व फेऱ्यांचा वेग सविस्तर दिला आहे. मात्र खरवडून निघालेले शेवाळ, कवचे आणि रंगाचा चुरा कोठे जाणार, याविषयी एक ओळही नाही. विचारले तेव्हा "समुद्रातून आले, समुद्रातच जाईल" असे उत्तर मिळाले. मला ते पटलेले नाही. हे खरोखर घातक आहे का, आणि नमुना यंत्राची चाचणी गंगापूर धरणाच्या जलाशयात घेणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त सागरी अभियंता:
आपली शंका रास्त आहे. तळाला चिकटलेले जीव त्याच समुद्रातले असतात, हे गृहीतकच चुकीचे आहे. मध्य अमेरिकेकडील काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांबरोबर विशाखापट्टणम आणि मुंबईच्या बंदरांत येऊन स्थिरावला. हाच शिंपला 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे आढळला, तेव्हा तेथील नौका उभ्या करण्याच्या गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन व मोरचूद ओतावे लागले आणि त्याबरोबर तेथील इतर जीवही मेले. ज्या बंदरात आपण तळ घासतो, तेथे असे जीव, त्यांची अंडी आणि अळ्या आपणच सोडत असतो.

दुसरा धोका रंगाचा आहे. जीव चिकटू नयेत म्हणून लावलेल्या बहुतेक रंगांत तांब्याचे संयुग असते आणि ते हळूहळू झिरपावे अशीच त्याची घडण असते. कडक ब्रश फिरवला की त्याचा मोठा हिस्सा एकदम पाण्यात मिसळतो. यापूर्वी ट्रायब्युटिल टिन नावाचे कथिलाचे संयुग वापरले जाई. त्याने फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरात कालवांची शेती उद्ध्वस्त केली आणि सागरी गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढू लागली. अखेर 2001 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यावर बंदी आली व तो करार 2008 मध्ये अमलात आला. तांबे तितके जहाल नसले, तरी बंदिस्त गोदीतील गाळात ते साचत जाते.

म्हणून सफाईच नको, असा अर्थ मात्र कृपया काढू नये. तळावरील बुळबुळीत थरसुद्धा पाण्याचा अवरोध वाढवतो आणि जहाज तोच वेग राखण्यासाठी अधिक इंधन जाळते. प्रश्न सफाई कधी आणि कशी करावी, एवढाच आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2023 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत तळाच्या स्थितीला 0 ते 4 अशी श्रेणी दिलेली आहे. श्रेणी 1 म्हणजे केवळ बुळबुळीत थर. याच टप्प्यावर मऊ ब्रशने काम भागते आणि रंगही टिकतो. कवचे धरल्यानंतर निघालेला मल गोळा करणारी व्यवस्था अनिवार्य मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉलेज रोडवरील जीवशास्त्र शिक्षिका:
गंगापूर धरणाविषयी लिहिते. हा जलाशय नाशिककरांच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. तेथे तांबेयुक्त रंगाचा पत्रा बुडवून घासण्याचा विचारही करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. शिवाय गोड्या पाण्यात बार्नॅकल, म्हणजे पत्र्याला घट्ट चिकटणारे कवचधारी समुद्री जीव, वाढत नाहीत. त्यामुळे खऱ्या थराची चिकाटी किती, हे तेथे कळणारच नाही. चाचणीचे पत्रे समुद्रात ठेवून थर चढवावा लागेल आणि ते कामही बंदराच्या परवानगीनेच व्हावे.

सातपूरचा यंत्रकार:
दोघांचेही आभार. धरणाचा विचार सोडला आहे. ब्रशभोवती आवरण आणि त्याला शोषण-नळी जोडून पाणी बारीक गाळणीतून काढले, तर तांबेही अडेल का? आणि सफाईची वेळ आली, हे जहाज चालू असताना कसे ओळखतात?

निवृत्त सागरी अभियंता:
गाळणीत कवचे, शेवाळ आणि रंगाचा चुरा अडतो. विरघळलेले तांबे आरपार जाते. त्यासाठी धातू शोषून घेणारे माध्यम पुढच्या टप्प्यात बसवावे लागते, आणि अळ्या व जंतू निष्प्रभ करण्यासाठी अतिनील किरणांचा वापर करतात. गाळणीतील लगदा पुन्हा पाण्यात न टाकता किनाऱ्यावर नेऊन घातक कचरा म्हणूनच सोपवावा.

देखरेखीसाठी जहाजाचा पंखा फिरवणाऱ्या दंडावरील पीळ (टॉर्क), वेग आणि इंधनाचा खप यांची नोंद ठेवून वारा, लाटा व जहाजावरील भार यांचा परिणाम वजा करतात. आयएसओ 19030 हे 2016 चे मानक याच पद्धतीचे आहे. मात्र सुकाणू आणि समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या जाळ्या अशा कोपऱ्यांतील वाढ या आकड्यांत नीट उमटत नाही. तेथे पाणबुड्या किंवा कॅमेरा उतरवावाच लागतो.

आवरणाचा आराखडा करताना एक गोष्ट प्रथम पाहा. ब्रश फिरताना पाणी बाहेर फेकतो, म्हणून शोषण त्याहून जास्त असले पाहिजे आणि सांधजोडाच्या उंचवट्यावरही आवरणाची लवचीक कड पत्र्याला टेकून राहिली पाहिजे. कारखान्यातच एका टाकीत रंगहीन पत्र्यावर खाण्याचा रंग मिसळलेला चिकट लगदा लावून यंत्र फिरवा आणि आवरणाबाहेरचे पाणी किती रंगते ते मोजा. तो आकडा ग्राहकापुढे ठेवूनच दर ठरवावा.